तीन पाकटांचं औषध

४ मार्च
पोहोचले एकदाची! घर झकास आहे. माझी खोली दिवाणखान्याला लागून, आणि दिवाणखान्यात भिंतभर काचेची टाकी. तिच्यात गोड्या पाण्यातले तीन पाकट मासे, ताटाएवढे चपटे, काळ्या पाठीवर पांढरे ठिपके. मालक-मालकिणीला मी पहिल्याच दिवशी काका-काकू करून टाकलं. त्यांना मूलबाळ नाही, सगळा जीव ह्या तिघींवर. थोरली, मधली आणि धाकटी अशाच हाका मारतात. तिघींच्या पोटात जंत झालेत. औषधाच्या दुकानात अकरा वर्षं काढलेली बाई हवी होती, म्हणून मी. आईला जाऊन चार महिने झाले तरी मला रडू आलेलं नाही. घरी बसून भिंती बघण्यापेक्षा मासे बघ, असं ताई म्हणाली. आता आम्ही दोघीच उरलोय एकमेकींना.

५ मार्च
डोस वजनावर ठरतो, म्हणून आज वजनं केली. शेपटीच्या विषारी काट्यावर रबरी नळी चढवायची, पाकट टबात घ्यायचा, टब उचलून मशीनवर उभं राहायचं आणि मग माझं नि टबाचं वजन वजा करायचं. मी एक्कावन्न भरले. काकू आकडे लिहून घेत होत्या. म्हणाल्या, अगं, वाळून काडी झालीस की, आधी तुलाच खायला घालायला हवं.
गोळी कोळंबीत खुपसून दिली. थोरलीनं कोळंबी खाल्ली आणि गोळी तेवढी थुंकली. महा आगाऊ!

७ मार्च
काकांनी युक्ती सांगितली. औषध गांडुळांना चारायचं, दिवसभर अंगात मुरू द्यायचं आणि मग गांडूळच जिवंत टाकीत सोडायचं. दुसऱ्याच्या पोटातलं औषध पाकटाला कळत नाही. धाकटीनं चट्टामट्टा केला. पण गांडुळात मावून मावून मावणार किती? काका म्हणाले, खरंय, जनावर मोठं हवं.
काकू मात्र माझी सरबराई करतात. दर दोन तासांनी चहा. जरा कडवट असतो, पण आयत्या चहाला नावं कोण ठेवणार!

९ मार्च
तोंडात सारखी धातूची चव. ही ह्याच औषधाची खूण, दुकानात शंभर गिऱ्हाइकांनी सांगितलेली. हातमोजे न घालता गोळ्या कुटते, त्यामुळे असेल. बोटांची टोकं बधिर झालीत.
मधलीच्या चपट्या अंगाची कड आज वर वळली. कड वळलेला पाकट फार दिवस काढत नाही म्हणतात. काकू टाकीला डोकं टेकून रडल्या. मी शेजारी उभी होते. मला काहीच वाटलं नाही.

११ मार्च
पाय घोट्यापर्यंत बधिर. उंबऱ्याला ठेचकाळले, नख निघालं, दुखलं नाही. ताईला फोन करून ये म्हटलं. उद्या दुपारी येते म्हणाली. काकूंना केवढा आनंद झाला. तुझ्यासारखीच किडकिडीत का, विचारत होत्या. माझ्या दीडपट आहे, मी सांगितलं. दोघी हसलो.

१२ मार्च, सकाळ
साखर शोधत होते. डब्याखाली तक्ता होता, काकूंच्या अक्षरात. थोरली चार किलो. मधली तीन. धाकटी अडीच. खाली चौथी ओळ, नाव नाही — एक्कावन्न किलो. चहातून, दिवसातून सहा वेळा. बुधवारपर्यंत मुरू द्यावं.
आज बुधवार.
घाबरायला हवं. कळतंय, पण वाटत नाही.

थोड्या वेळानं
दारापर्यंत गेले. पाय गेले — पडले. काकांनी अलगद उचलून खोलीत आणलं. फोन नेला, बाहेरून कडी लावली. काकूंनी डोक्यावरून हात फिरवला. दुखणार नाही गं, त्याचीच तर काळजी घेतलीय, म्हणाल्या. मधलीची कड अजून वळलेलीच आहे म्हणे —

दुपार
बेल. ताईचा आवाज.
ओरडले. जीभ लोळागोळा. आवाज नाही — दारावर हात आपटले — हात कुठे लागतायत तेही —
काकू सांगतायत, ती झोपलीय, उठेल इतक्यात, बसा ना. काका वजनाची चेष्टा करतायत. ताई हसतेय. तिचं ते खळखळून —
आता वाटतंय. भीती. चार महिन्यांत पहिल्यांदा रडू येतंय, आईचंही, सगळंच — अक्षर भिजतंय —
कपबशी वाजली.
हे पान दाराखालून सरकवते. ताई, मी आत आहे. चहा घेऊ नकोस. ताई, तो चहा —