होळीला हाक मारू नका

मुलुंड

पप्पा,

आधी तुमच्या नि आईच्या पाया पडते, मग बोलते. फोनवर तुमचा आवाज ऐकला की हे सांगवत नाही, म्हणून पत्र.

मी मजेत आहे. आत्या पोटभर जेवायला घालते. फक्त तिच्या कालवणाला आईच्या हातची चव नाही. हे तिला सांगू नका.

बारावीचं टाइमटेबल भिंतीवर चिकटवलं होतं. पण शेजारची बिल्डिंग पाडायला घेतलीय, नि ते तोडायचं मशीन कधी सुरू होईल त्याचा नेम नाही. पहिल्याच आठवड्यात टाइमटेबलची वाट लागली. प्रिलिममध्ये फिजिक्स जेमतेम सुटलं.

मग तुम्ही आठवलात. तुम्ही होडी कधी घड्याळ बघून काढत नाही. भरतीची वेळ रोज सरकते, तसे तुम्हीही सरकता, पण खाडा नाही. आता मीही तेच करते. मशीन चालू असलं की गणितं सोडवते, थांबलं की थिअरी पाठ करते. रोज बसते म्हणजे बसतेच.

तुमचा खोकला कमी झाला का? समुद्रात एकटे जात नाही ना?

आई म्हणाली, होळीला तुम्ही मला न्यायला येणार. होळी पेपरांच्या मधेच आहे, पप्पा. मी येणार नाही. जाळं पाण्यात असलं की तुम्ही आईलाही ओ देत नाही. माझंही जाळं आता पाण्यात आहे.

न्यायला येऊ नका, हाकही मारू नका. मारलीत, तर मी ओ देईन.

तुमचीच,
विनिता