येळवशीचा ऊस

अप्पा, आज येळवस, शेतात जाऊन काळ्या आईला पुजायची आपली वेळ अमावस्या. इथं पुण्यात गॅसवर आंबील केलीय, डाळी-भाज्यांची भज्जीही केलीय, पण शेत नाही, पूजेची कडब्याची खोप, आपली कोप नाही, चव कुठून येणार? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी या दिवशी मला आपला तो दीड एकर ऊसच दिसतो. तुम्ही गावभर सांगत सुटला होतात, ऊस कारखान्याला गेला की पोरगी बसवकल्याणच्या कॉलेजात जाणार. कारखान्याची तोडीची चिठ्ठी आल्याशिवाय तोडणीची टोळी उसाला हात लावत नाही, म्हणून महिनाभर तुम्ही भालकीला कारखान्याच्या ऑफिसात खेटे घालत होतात.

मग येळवस येते. कोपीत पूजा मांडलीय, आई आंबिलीचं मडकं उतरवतेय, आणि बांधावर कोयते घेऊन टोळी उभी. मुकादम म्हणतो, चिठ्ठी कालच धाडली होती. तुम्ही म्हणता, मिळाली नाही. तो खांदे उडवतो, पण आजच तोडायचं म्हणतो. तुम्ही हात जोडता.

"आज काळ्या आईवर कोयता चालायचा न्हाई. जेवून घ्या, उद्या तोडा."

टोळी पोटभर जेवली, उद्या येतो म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या बागायतदाराच्या फडात शिरली. पुढं तुम्ही रोज ऑफिसात जाऊन बसायचात, रोज ‘पाठवतो’ ऐकून परत यायचात. उसाला तुरे आले, कांड्या आतून पोकळ झाल्या. शिमग्याला टोळी आली तेव्हा तोडण्यासारखं फार उरलंच नव्हतं. मी चुलीपुढं बसून तुम्हाला सुनावलं.

"तुमच्या येळवशीपायी माझं कॉलेज बुडालं."

"व्हय बाई, चुकलंच माझं," तुम्ही म्हणालात. पुन्हा कधी तो विषय काढला नाहीत.

अप्पा, चिठ्ठी आदल्या दिवशीच आली होती. तुम्ही बाजाराला गेला होतात, चिठ्ठीवाला माझ्या हातात देऊन गेला. तोड लागली तर कोपीतलं जेवण, झोका सगळं जाईल, म्हणून मी ती हळदीच्या डब्यामागं सारली. येळवस झाली की सापडली म्हणणार होते. तुम्हाला वेळेवर मिळाली असती तर त्याच संध्याकाळी मुकादमाला गाठून तुम्ही एक दिवस मागून घेतला असता; टोळीचा दिवस बुडाला नसता, आपली पाळीही गेली नसती. तेवढं तो तुमचं ऐकायचा.

हे पत्र मी कुठं टाकणार? मघाशी जेवताना पोरीनं विचारलं, आई, तू कॉलेजला का नाही गेलीस? सांगायला तोंड उघडलं, आणि आजही मी तुमचंच नाव घेतलं.