पप्पा अजून कार्यक्रमाले जातात

प्रिय सोनिया,

जय भीम आणि पोटभर आशीर्वाद. पत्र पाहून घाबरू नको, तब्येत ठणठणीत आहे. फोनवर तू मले बोलूच देत नाही, म्हणून लिहून राहिलो. मी मराठीत सुरुवात करतो, तू हिंदीत मधातच तोडते, आणि शेवटी ‘ठीक है ना पप्पा, फायनल’ म्हणून फोन ठेवून देते. काय फायनल झालं ते मले मागून बसून आठवावं लागते. रविवारचं तुझं फायनल असं, की मी रायपूरचं घर भाड्यानं द्यायचं, सामान बांधायचं आणि कायमचं बंगळूरले तुझ्याकडे यायचं. महिनाअखेर तुले उत्तर पाहिजे. तर हे उत्तर आहे, पण तिथपर्यंत पोचाले मले जरा वेळ लागेल. तुझी आई एका वाक्यात निकाल लावत होती, मले ते कधी जमलं नाही.

बंगळूरले यायचं कारणही तू ठरवूनच टाकलं आहे. आई गेल्यापासून पप्पा एकटे पडले, आणि एकटेपणानं त्यांचं डोकं जरा सरकलं. पुरावा म्हणून नेटवर फिरणारा तो कार्यक्रमाचा व्हिडिओ. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, कमरेले निळा स्वेटर गुंडाळलेला, दोन्ही हात वर, आणि पोट्ट्यांच्या गर्दीत उड्या मारून राहिला. तू तो मलेच पाठवला आणि खाली लिहिलं, ‘ये क्या है पप्पा’. मले राग आला, लपवत नाही. अगं, भीमजयंतीच्या मिरवणुकीत माझ्याहून म्हातारे नाचतात, त्यांले कोणी काही म्हणत नाही. तुझे मामा तर लग्नाच्या वरातीत रस्त्यावर लोळले होते, तेव्हा तूच टाळ्या वाजवत होती. मी तिकीट काढून, घरून पोळी-भाजी खाऊन, शुद्धीत नाचलो, तर मलेच काहून डॉक्टरकडे न्यायची गोष्ट?

आणि हे खूळ घरात आणलं कोणी? तूच. नववीत होती. जबलपूरचे पाच पोट्टे, कोणाले धड मिशीही नाही, आणि बँडचं नाव काय तर ‘नीला स्वेटर’. फ्रिजवर त्यांचे फोटो, कंपासपेटीवर त्यांची नावं. रायपूरच्या उन्हातही त्यांच्या कार्यक्रमाले निळा स्वेटर घेऊन जायचा म्हणे, नाहीतर तो खरा चाहता नाही. पहिल्या कार्यक्रमाले तुले एकटीले कसं पाठवायचं म्हणून तुझ्या आईनं मले पहारेकरी करून धाडलं. उरला भागातल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमधून तसाच आलो होतो, मिलच्याच कपड्यात, कानात कापूस घालून. तू मले अशा ठिकाणी उभं केलं होतं की मैत्रिणींले मी तुझा बाप वाटू नये. त्याच्या पुढच्या वेळी कापूस घरीच राहिला.

त्यांची गाणी मी पाठ केली ती तुझ्यासाठी. तोवर आपल्या दोघांत ‘डबा खाल्ला का’ आणि ‘हव’ याच्यापुढे बोलणं जात नव्हतं. चौदा वर्षांची पोट्टी आणि भट्टीपाशी उभा राहणारा बाप, काय बोलतील? पण मी स्कूटरवर चुकीचा अंतरा गुणगुणलो की तू मागून माझ्या पाठीवर चापट मारून दुरुस्त करायची, आणि मग घरापर्यंत तुझी टकळी थांबत नव्हती. कोणतं गाणं कोणी लिहिलं, कोणाचं कोणाशी भांडण झालं, सगळं. मी मुद्दामही चुकत होतो, तेवढ्यासाठी. मग तू कॉलेजले गेली, नोकरीले बंगळूरले गेली, आणि एका दिवाळीत म्हणाली, ‘वो तो बचपन की बात थी, पप्पा’. बरोबर आहे, तुझं बचपन संपलं. माझं काय संपणार होतं, मी तर तेव्हाही मोठाच होतो.

तू ऐकणं सोडलं, म्हणून तुले ठाऊक नाही की तेही मोठे झाले. गाणाऱ्याचं पोट सुटलं आहे, एका उडीनंतर तो गुडघा धरतो. आता त्यांच्या गाण्यात झोप न येणं असते, म्हाताऱ्या बापाची दवाखान्याची वारी असते. जुन्या गाण्यातला उंच सूर त्याले लागत नाही, तो खालच्या पट्टीत गातो आणि आम्हीही खालच्या पट्टीत गातो. त्यात मले काही कमी वाटत नाही. उलट तो उंच सूर सोडून देतो त्या जागी मले तो जास्त आवडतो. कोवळ्या वयात माणूस त्यांच्यासारखं व्हायले पाहतो. माझ्या वयात एवढंच वाटते की चला, हाही आपल्यासोबतच जुना होऊन राहिला.

तुझी आई गेल्यावर पहिल्यांदा कार्यक्रमाले गेलो तेव्हा मी फाटकापाशी, अगदी कडेले उभा होतो. जमलं नाही तर निघून जाता यावं म्हणून. तर एक पोट्टा आला, सिलतऱ्याच्या प्लांटमध्ये क्रेन चालवतो, पियुष त्याचं नाव. ओळख ना पाळख, म्हणाला, ‘अकेले आए हो अंकल? तो बीच में आओ.’ त्यांच्या रायपूरच्या चाहत्यांची ती रीतच आहे. जो एकटा आला त्याले कडेले राहू द्यायचं नाही, मधात घ्यायचं. एका बाजूले पियुष, दुसऱ्या बाजूले रुचिता दीदी, ती अभनपूरची दातांची डॉक्टर. हळू गाणं लागलं तेव्हा मी रडलो, पोरासारखा रडलो. ते दोघं खांद्याले खांदा लावून गात राहिले. आज माझी दाढ दुखली तर रुचिता दीदी आहे, गॅस संपला तर पियुष आहे. तुझ्या आईची आठवण येते सोनू, रोज येते, सकाळचा चहा एक कप होतो तेव्हा तर फार येते. पण आठवण येणं वेगळं आणि एकटं पडणं वेगळं.

आता मागच्या शनिवारचं. नव्या रायपुरात कार्यक्रम होता, तो व्हिडिओ तिथलाच. त्यांनी सुरुवातीलेच ते गाणं घेतलं, जे तू न्हाणीघरात गायची आणि तुझी आई बाहेरून दार बडवायची. मले राहवलं नाही, तुले फोन लावला. मनात धाकधूक होती, तू म्हणशील ‘क्या शोर है’. पण तू फोन कापला नाही. गाणं संपल्यावर मी फोन बंद करून खिशात टाकला. म्हणजे मले वाटलं की बंद केला. भट्टीपाशी काम करून माझा अंगठा असा निबर झाला आहे की फोनले तो कळतच नाही, ते तुले ठाऊक आहे.

कार्यक्रम संपला, आम्ही बाहेर गाड्यावर गुपचुप, म्हणजे तुमच्या तिकडची पाणीपुरी, खाऊन राहिलो होतो. किती वाजले पाहाले फोन काढला, तर तो चालूच. कानाले लावला. मले वाटलं तू केव्हाच उठून गेली असशील आणि फोन कुठंतरी पडला असेल. पण तू गाऊन राहिली होती. त्यांनी शेवटी म्हटलेलं गाणं, हळू आवाजात, आणि गाता गाता रडून राहिली होती. मी ‘सोनू’ म्हटलं आणि तू फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ पाठवला, मग फोन करून घर भाड्यानं द्यायचं फायनल केलं, आणि रात्रीचं विचारलं तर म्हणाली, मी तर झोपले होते.

हे सगळं मी एवढ्यासाठी लिहिलं. शनिवारची संध्याकाळ, आणि तू पूर्ण कार्यक्रम बापाच्या खिशातून ऐकत बसली. तुझ्या खोलीत दुसरा आवाज नव्हता, कोणी तुले जेवाले हाक मारली नाही. तू म्हणते पप्पा एकटे आहेत. त्या वेळी माझ्या तोंडात गुपचुप होती आणि पियुष माझी टिंगल करून राहिला होता. तेव्हा माझं उत्तर ऐक. मी एकटा पडलो म्हणून बंगळूरले येणार नाही, कारण मी एकटा नाही. पण तुले तिथं करमत नसेल तर माझ्या नावावर ढकलू नको, स्वतःच्या नावानं सांग. हिंदीत सांग, कशातही सांग. ‘पप्पा, मले करमत नाही’ एवढं म्हण, मी घराले कुलूप लावतो आणि मिळेल त्या गाडीनं निघतो.

तुझाच,
पप्पा