सुईचा हंगाम

रनाळे, २ फेब्रुवारी १९३८

चि. भटू यास आक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

भादव्यात बाबांच्या श्राद्धाला तू आला नाहीस, कारण काय, तर वेधशाळेतली चुंबकाची सुई बिथरली होती! गाय व्यायली म्हटलं असतं तर लोकांनी मान तरी डोलावली असती. आता दोधूअप्पांनी फाल्गुन शुद्ध दशमीचा मुहूर्त धरला आहे. त्यांची प्रमिला दोन वर्षं तुझ्या नावानं थांबली. तिच्या बरोबरीच्या मुलींची पोरं रांगायला लागली. अप्पा मिरचीची घाई सोडून तुझी नोकरी बघायला तिकडे येत आहेत. नीट बोल.

लोभ आहे, तो टिकेल असं वाग.

आक्का

वेधशाळा, २० फेब्रुवारी

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

सुई बिथरत नाही, तिला हंगाम असतो. रोज उन्हाबरोबर ती जराशी सरकते नि परत येते. पण ध्रुवाकडे आकाशात रंगीत उजेड नाचतो, तिथल्या विजेच्या प्रवाहांचे धक्के इथवर पोचतात. दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा, म्हणजे फाल्गुन-चैत्रात आणि भादव्या-आश्विनात, ते जास्त. कोणत्या प्रहरी जोर अधिक, ते मी शोधतो आहे.

अप्पा आले. लोखंड बाहेर ठेवा म्हटलं, तर खिळ्यांच्या वहाणा काढताना कुरकुरले. वर, सुई दूध देस का, असं विचारलं! अशा अडाण्याला ध्रुव काय सांगायचा? पण ते उभे असतानाच सुईनं मोठी उसळी घेतली. हंगाम सुरू झाल्याचं मी साहेबांना लगेच कळवलं. आता रजा नाही. लग्न ज्येष्ठात बघू.

मायेत कमी करू नये.

भटू

रनाळे, २७ फेब्रुवारी

चि. भटू यास आशीर्वाद वि. वि.

अरे शहाण्या, अप्पांनी वहाणा काढल्या, पण कंबरेचा अडकित्ता तसाच होता. पान खाणारा माणूस तो कधी सोडतो का? तुझा हंगाम त्या अडकित्त्यानं सुरू केला. अप्पा ओट्यावर सांगत होते, त्याले ध्रुववरनं दिखस, म्होरे उभा माणूस दिखत नही. अख्खं गाव हसलं, मीही हसले.

प्रमिला हसली नाही. दशमीला तो आला तर लग्न त्याच्याशीच, असं तिनं बापाला बजावलं आहे. त्यापुढे अप्पा ऐकणार नाहीत. पहिल्या गाडीनं ये.

तुझ्या काळजीत असलेली,
आक्का

वेधशाळा, ६ मार्च

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

ती नोंद रद्द केली. सामान बांधलं होतं, तोच काल खरा धक्का आला. आसपास चिटपाखरू नव्हतं. सुई अजून थरथरते आहे. आता निघालो तर त्या ओट्यावरच्या टवाळांचंच खरं ठरेल. अप्पांना सांग, भटू खोटा नव्हता. दशमीनंतर दोन दिवसांत येतो. मुहूर्त काय, पुन्हा काढता येतो.

राग नसावा.

भटू

रनाळे, १३ मार्च

भटू यास आशीर्वाद.

दशमीला सकाळी तुझं पत्र घेऊन मी अप्पांकडे धावले, तेव्हा प्रमिलेच्या अंगाला हळद लागत होती. नवरा शहाद्याचा रेवजी, केळीचा बागाईतदार; तू आला नाहीस तर मुहूर्त चुकू नये म्हणून अप्पांनी तयार ठेवलेला. बिचारा दहा दिवसांच्या बोलण्यांवर घोड्यावर बसला.

धक्का खरा होता हे मी भर मांडवात सांगितलं. कुणी लक्षही दिलं नाही. प्रमिलेनं मात्र मला जवळ बोलावून विचारलं, या खेपेला सुई खरीच हलली ना? मी हो म्हटलं. बरं झालं, म्हणाली, आणि चुडा भरायला कासारणीपुढे हात केला.

मला तुझी इतकी चीड कधी आली नव्हती.

आक्का