होडीची ओटी

ता. १ एप्रिल १९३४, रवि.
आजही हे पहाटेच हिप्परग्याच्या तलावावर. सायकलला डबा अडकवून गेले, दिवेलागणीला परत. गिरणीतला साहेब विलायतेला जाताना आपली शिडाची होडी ह्यांना देऊन गेला, तेव्हापासून माझे रविवार गेले. शुक्रवार पेठेतल्या या दोन खोल्यांत बोलायला मी आणि भिंती.
उन्हाळ्यानं पाणी हटलंय म्हणून होडी काठावर ओढून पालथी घातलीय. तळाचं लोखंडी पातं आता वर उभं, आणि ते गंजलंय. जेवताना तेच. "पार आतपर्यंत खाल्लंय गं गंजानं तिला." मागं मला ताप होता तेव्हा एवढा चेहरा पडला नव्हता.
सवतच ती. यापुढे नुसतं 'स.' लिहीन. वही कुणाच्या हाती लागली तर नको.

ता. ५, गुरु.
ह्यांच्या धोतराला गंजाचे डाग. लिंबू चोळलं, मीठ चोळलं, निघत नाहीत.
घाण्यावरून जवसाचं तेल आणलं. त्यात शेंदूर कालवून स.ला लावायचा, म्हणजे परत गंज धरत नाही म्हणे. माझं डोक्याचं तेल केव्हाच संपलंय, पण ते कुणाला सांगायचं?

ता. ८, रवि.
शेंदूर लावून झाला. वाळला की वरून काळा रंग. हात कोपरापर्यंत शेंदरी करून आले. म्हणाले, "एकदा बघायला चल, कशी दिसतेय." मी म्हटलं, "मला घरात कामं आहेत." लगेच 'बरं' म्हणाले. पुन्हा विचारायला काय झालं होतं?

ता. १३, शुक्र.
दूध घालणारी रखमा तलावाकाठच्या गावची. आज चरवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "बाईसाहेब, आमच्याकडं देवी परगटली की. तळ्याचं पानी हटलंय न्हवं, तितं. शेंदरानं नुसती भरलीया. सारं गाव जातंय. लई जागृत हाय."
दूध घेऊन आत आले आणि पदर तोंडात कोंबून हसले. मग हसू गेलं. जिच्यावर मी जळते तिला लोक हात जोडताहेत.

ता. १५, रवि.
हे दुपारीच परत. काळ्या रंगाचा डबा न उघडलेला. लोकांनी हात लावू दिला नाही. ही माझी होडी आहे म्हणून सांगितलं, तर एक म्हातारा म्हणाला, "व्हय की. पन आता देवी आलीया तिच्यात."
जेवले नाहीत. मी पोटभर जेवले.

ता. १७, मंगळ.
रखमाबरोबर टांग्यानं गेले. बायकांनी वाट करून दिली. रखमाच्या सासूनं खण-नारळ माझ्या हाती दिला. "होडी तुमची, तवा पयली वटी तुमी भरा. एकदा मानाची वटी झाली, मग देवीला कोन हलवतंय हितनं?"
म्हणजे कायमचीच. पुन्हा पाणी नाही, शीड नाही. रविवार माझे.
हे अर्धी रजा टाकून आलेले, बाभळीखाली उभे. नुसते माझ्याकडे बघत होते. अंतरपाट दूर झाला तेव्हासुद्धा इतका वेळ बघितलं नव्हतं.
म्हटलं, "आज नको. पुढच्या मंगळवारी भरीन."

ता. २२, रवि.
हे आज दिवसभर घरी. सकाळी आडाचं पाणी भरून दिलं. मोगऱ्याचा गजरा आणला. दुपारी पान लावून दिलं, माझ्या आईची चौकशी केली, अक्कलकोटला जाऊन येऊ म्हणाले, दोघंच. किती बोलत होते. चार वर्षांत मला असं कधी...
मग अडकित्ता खाली ठेवत हळूच, "मंगळवारचं काय ठरवलंस?"
"बघू," म्हटलं.
हे गोड बोलणं माझ्यासाठी की स.साठी, कळत नाही. विचारावं, तर खरं सांगून बसतील.
ओटी भरली तर पुढचे सगळे रविवार घरीच असतील. पण आजच्यासारखे असतील का.