डॉजचा शाफ्ट, नमुन्याबरहुकूम

सोमवार, २ एप्रिल १९८४

गाडी बसली! वरच्या खाणीच्या चढावर, बरोबर अर्ध्यात. मागून ठाण्‌कन आवाज झाला. इंजिन जीव तोडून फिरतंय आणि गाडी जागच्या जागी. ड्रायव्हर मारोती खाली वाकून बघून आला. "बाई, मागचा शाफ्ट तुटला. चाक फिरवणारी दांडीच गेली." आणि वर मलाच धीर — "पुढची चाकं ओढतायत अजून. उतारानं नेतो दवाखान्यापर्यंत. चढायचं मात्र नाव नको."

उरलेला चढ पायी. एका हातात सुयांची पेटी, दुसऱ्या हातात निऱ्या. चारही पेशंटना इंजेक्शनं दिली. केशरबाईची एकसष्टावी. नव्वद व्हायला हवीत, आठवड्याला तीन, खंड न पडता. मध्येच थांबलं तर टीबी उलटणार, आणि मग हीच औषधं लागू पडणार नाहीत. हे मी तिला साठ वेळा बजावलंय. आज उतरताना स्वतःलाच बजावत होते.

मंगळवार, ३ एप्रिल

मारोती कुर्ल्याचा जुन्या पार्टांचा अख्खा बाजार पालथा घालून आला. शाफ्ट नाही! दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन डॉज, लष्कराच्या लिलावातून कुण्या दानशूर माणसाने घेऊन दवाखान्याला दिलेली. चारही चाकं ओढतात म्हणून ती खाणीवर चढते, एरवी तिथे जीपसुद्धा धापा टाकते. दुकानदार मारोतीला हसला म्हणे. "ही गाडी अजून चालते?" मारोती आठ वर्षं लष्करात गाडी चालवत होता. तो त्या दुकानदाराला काय बोलला ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तीस तारखेपर्यंत गाडीची वाट बघू, मग वरची फेरी बंद. तुम्ही अर्धा दिवस डोंगर चढलात तर इथे तुर्भ्यात ड्रेसिंग कोण करणार? नाहीतर वरच्या चौघांना सांगा, खाली या." खाली या! केशरबाईला दहा पावलांवर दम लागतो. शिवाय एक खाडा झाला की मुकादम तिच्या जागी दुसरी बाई लावतो. डॉक्टर वाईट नाहीत. पण मला राग आला तो आला.

गुरुवार, ५ एप्रिल

माणूस मिळाला! बाजीराव. गिरणीत तीस वर्षं टर्नर, संपात नोकरी गेली, आता पुतण्याच्या शेडमध्ये लेथवर उभे असतात. तुर्भ्यातच, दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर. तुटलेले दोन्ही तुकडे हातात घेऊन त्यांनी बराच वेळ फिरवून फिरवून पाहिले.

"नमुना हाय ना? मग झालं. नमुना तसा माल. सूतभर फरक निघाला तर नाव बदला माजं."

किती दिवसांनी कुणी नुसतं 'होईल' म्हणालं! मी त्यांना तिथेच मामा म्हणून टाकलं.

शुक्रवार, ६ एप्रिल

केशरबाई त्रेसष्ट. माझे गुडघे!!

मंगळवार, १० एप्रिल

शेडमध्ये डोकावले. दारूखान्यातून, जुनी जहाजं फोडतात तिथून, पोलादाचा गज आणून मामांनी घासूनपुसून गुळगुळीत केलाय. आता टोकाचे दात. हे लांब लांब दात आतल्या गिअरमध्ये सरकून बसतात, इतकं मलाही कळलं.

"बाई, हे दात जरा तिरके हायेत," मामा म्हणाले. "सरळ असते तर एका दिवसाचं काम. तिरके म्हणजे चार दिवस."

"तिरके कशासाठी?"

"ते आपण विचारायचं नाय. गिरणीत विलायती मशिनचा पार्ट मोडला की साहेब तुकडा टेबलावर टाकायचा. आमचे मास्तर सांगायचे, डोकं नको चालवू, हात चालव."

जमिनीवर खडूने त्या तिरकेपणाचं गणित मांडलेलं होतं, पार दारापर्यंत. मी साडी सावरून ते ओलांडून आले.

शनिवार, १४ एप्रिल

भीमजयंती. सकाळी वंदना, मग मिरवणूक. आईने पांढरी साडी काल रात्रीच इस्त्री करून ठेवली होती. दुपारी डब्यात खीर घेऊन शेडवर गेले, वाटलं कुलूप असेल. तर मामा एकटेच मशिनवर! हात पुसून तिथेच स्टुलावर बसून खीर खाल्ली. "आज संपवतोच बघा." हा माणूस मला आधी का नाही भेटला?

बुधवार, १८ एप्रिल

केशरबाई अडुसष्ट. आणि शाफ्ट तयार! पोलादाला पाणीसुद्धा देऊन आणलं. इतका देखणा की हात फिरवल्यावाचून राहवेना. मारोतीने हळदकुंकू लावलं, मी लावू दिलं. उद्या बसवायचा.

गुरुवार, १९ एप्रिल

बसत नाही!

इंचभर आत जातो आणि अडकतो. मारोती गाडीखाली, मामा त्याच्याशेजारी. "नमुन्याला ताडून बघा, सूतभर फरक नाय" — हेच पुन्हा पुन्हा. शेवटी मारोतीने गिअर उघडून बाहेर काढला. त्याच्या आतले दात सरळ. अगदी सरळ!

मग उजेड पडला. शाफ्टचे दात मुळात सरळच होते. चाळीस वर्षं चढ चढून शाफ्ट पिळला गेला, म्हणून दात तिरके झाले. आणि मामांनी तो पीळ जसाच्या तसा, चार दिवस खपून, नव्या पोलादात उतरवला. एखाद्या कच्च्या कारागिराने आळस करून सरळ कापले असते, तर आज गाडी चालली असती.

मी नको ते बोलले. "चार दिवस घालून चूकच कापलीत की हो!" सगळ्यांसमोर. मामांनी हात पुसले. चष्मा खिशात घातला आणि निघून गेले. माझी जीभ झडली का नाही!

शुक्रवार, २० एप्रिल

सकाळी सातला दवाखान्याच्या पायरीवर मामा. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर हातानेच गप्प केलं.

"तुकडा नको आता. गिअर द्या. आन्‌ गाडी दाखवा, कुटं काय बसतंय ते."

दोन तास गाडीखाली होते. बाहेर आले ते केसांत ग्रीस आणि चेहरा भलताच खुललेला. "तीस वर्षांत मला कुणी मशीन दाखवलंच नाय बाई. नुसता तुकडा दाखवायचे." मला रडू आलं. मामांना वाटलं, अजून शाफ्टचंच दुःख आहे. म्हणाले, "रडू नका, होतंय."

पुतण्या नव्या गजासाठी कुरकुरला म्हणे. मामांनी त्याला ऐकवलं, चूक माझी, गज माझा.

बुधवार, २५ एप्रिल

केशरबाई एकाहत्तर. खोकला खरंच कमी झालाय! वजनही वाढलंय, दंडाला सुई टोचताना कळतं. शाफ्टची सगळी कथा ऐकून ती इतकी हसली की मीच घाबरले.

"चाळीस वर्सं वझं वढलं तर लोखंड बी पिळतंय, बाई. मानसाचं काय घिऊन बसलाव?" मग हळूच म्हणाली, "तीस तारखेनंतर न्हाई येनार का तुमी?"

हिला कुणी सांगितलं? मी म्हटलं, येणार. गाडीने येणार. खोटं बोलले की खरं, ते मामांच्या हातात.

शनिवार, २८ एप्रिल

सरकन आत गेला! मारोतीने गाडीखालूनच आरोळी ठोकली. लगेच दगडी उतारावर चाचणी. मामा पुढे बसले होते, दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरून, आणि प्रत्येक खड्ड्याला गाडीखालच्या आवाजाकडे कान. उतरल्यावर म्हणाले, "पिळला तर शंभर वर्षांनी पिळंल." डॉक्टरही बघायला आले होते. म्हणाले, "चालू ठेवा, सिस्टर. वरची फेरी चालू ठेवा."

सोमवारी वर. आज मला काही म्हणजे काही दुखत नाही.

सोमवार, ३० एप्रिल

नऊला वर पोचलो. वस्तीच नाही! झोपड्यांचे बांबूसुद्धा उपटून नेलेले. राखणदार म्हणाला, मुकादमाने काल सकाळीच सगळ्यांना हलवलं, डोंगरापलीकडच्या नव्या खाणीवर. डोक्यावर सामान घेऊन चालत गेले. तिकडे अजून रस्ता नाही.

मी पेटी मांडीवर घेऊन नुसती बसून राहिले. मारोतीने गिअर टाकला. "रस्ता नाही ना? मग आपलीच गाडी जाणार, बाई."

दुपारी दीड. केशरबाई, त्र्याहत्तर.