पृष्ठ एकतीसवरील तीन ठिपके

११ नोव्हेंबर २०२५

वाचनालयातून पुनमचा दूरध्वनी. "सर, काकूंच्या नावावर एक कादंबरी राहिली आहे. पण घाई नाही हं." घाई नाही! राजकुंवर जाऊन आज बेचाळीस दिवस झाले.

कादंबरी शोधली. स्वयंपाकघरात, धान्याच्या कोठीमागे, वर्तमानपत्राचे वेष्टन घातलेली सापडली. 'सातव्या आरशातली सवत'. वेष्टनाखाली मोकळ्या केसांची स्त्री, हातात मेणबत्ती, मागे घुबड. वाऱ्याने केस उडत आहेत. मेणबत्तीची ज्योत मात्र ताठ!

माझी पत्नी स्वतःच्या घरात वेष्टन घालून वाचत होती. कारण मी. तिच्या ह्या वाचनाला छत्तीस वर्षे मी 'चेटूक-खाते' म्हणत आलो. पाहुण्यांसमोरही.

१२ नोव्हेंबर

परत करण्यापूर्वी चाळून पाहावी म्हटले. पृष्ठ ९ — अमावस्येच्या रात्री चंद्रग्रहण! लेखिकेने आयुष्यात एकदा तरी मान वर करावयास हवी होती. पृष्ठ १४ पर्यंत तीन स्त्रिया. तिघींपाशी एकेक रहस्य. तिघीही दाराआड उभ्या. त्या हवेलीला भिंती आहेत की नुसती दारेच? पुरुष एकच, तोही बेशुद्ध.

असल्या दोन-अडीचशे कादंबऱ्या तिने वाचल्या. माझे एकमेव पुस्तक — 'पांझरा खोऱ्यातील फड-सिंचन : एक विवेचन', अकरा वर्षांचे श्रम — त्याविषयी मात्र, "वाचेन सवडीने." आठ वर्षांत ती सवड आली नाही. चेटकिणींसाठी येत होती.

हे वाक्य क्षुद्र आहे. तरी खोडत नाही.

१३ नोव्हेंबर

पृष्ठ ६०. विष दिवाणजीच घालतो आहे. उघड आहे.

१५ नोव्हेंबर

स्वयंपाकाला येणाऱ्या भागाबाईने पुस्तक पाहिले आणि पोळी तव्यावर तशीच सोडून आली. "भाऊ, हाई ते आरसानं पुस्तक शे ना? मी पोया लाटू, भाभी वाचे. आरसा फुटना, आनि मंग भाभी दवाखानामा गयी. पुढे काय व्हयनं डाकीननं?"

म्हणजे हे वाचन सामुदायिक होते. माझ्या घरात, मी पलीकडच्या खोलीत असताना! पोळी करपली.

पृष्ठ १८८ वर औषधाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी खुणेसाठी ठेवलेली आहे.

१६ नोव्हेंबर

वाचून दाखवले. पृष्ठ १८८ ते १९६. दोन परिच्छेद होतात न होतात तोच — "भाऊ, भाभी डाकीनना येगळा आवाज काढे, सासूना येगळा काढे. तुम्ही ते नोटीस वाची राह्यनात!"

मी सत्तावीस वर्षे महाविद्यालयात व्याख्याने दिली आहेत, हे तिला सांगितले. "तव्हढंच तं सांगी राह्यनू," म्हणाली.

१९ नोव्हेंबर

जळगावहून जिनलचा फोन. "पप्पा, काय करताय?" वाचतो आहे म्हणालो. काय, ते विचारले, सांगितले. माझी कन्या म्हणाली, "बरं वाटत नाहीये का? मी येऊ?"

२१ नोव्हेंबर

मुदत वाढवून घेण्यासाठी वाचनालयात गेलो. होय. मुदत वाढवून!

पुनमने पुस्तक उलटून पाहिले. "काकूंचं पान अजून कोरं आहे." मला बोध झाला नाही. मग तिने समजावले. इथल्या बायका इतक्या कादंबऱ्या नेतात की कोणती वाचली, कोणती नाही, हे लक्षात राहत नाही. म्हणून प्रत्येकीने एक पान ठरवून घेतले आहे. पुस्तक संपले की त्या पानावर बारीक पेन्सिलीने आपली खूण. कुणाचे कमळ, कुणाचा नुसता काना. "काकूंचं पान एकतीस. पुन्हा वाचलं तर खाली एक रेघ."

एकतीस हा आमच्या प्लॉटचा क्रमांक.

कपाटातून चार कादंबऱ्या काढून दाखवल्या. तीन ठिपके, वर चंद्रकोर. आमच्या जैन मंदिरात साथियाच्या, म्हणजे स्वस्तिकाच्या, वर तांदळाने काढतात तीच! शेजारच्याच ओळीत चेटकीण कवटीतून दूध पीत होती. वाचनालयाच्या पुस्तकांवर लिहिणे नियमबाह्य आहे, असे मी म्हणालो. पुनम म्हणाली, "हो सर."

२६ नोव्हेंबर

संपली. विष सासू घालत होती. भागाबाई पहिल्या दिवसापासून सासूच म्हणत होती. आता मला दिवाणजी म्हणून हाक मारील, इतकेच बाकी आहे. सातव्या आरशातली सवत ही सवत नव्हेच, नायिकेची मेलेली बहीण. ती आरशातून हात बाहेर काढते. पटण्याजोगे काहीही नाही.

हात बाहेर आला तिथे मला वाचता आले नाही. भागाबाईने पाणी आणून दिले. सूर्यास्त होत आला होता, जेवून घ्या म्हणाली.

नंतर पेन्सिलीला टोक केले. पृष्ठ ३१ वर तीन ठिपके, वर चंद्रकोर. चंद्रकोर किंचित वाकडी आली.

२७ नोव्हेंबर

पुस्तक परत केले. मग इतर कपाटे सोडून थेट शेवटच्या कपाटाकडे गेलो. 'पांझरा खोऱ्यातील फड-सिंचन'. प्रकाशनाच्या वर्षी मीच भेट दिलेली प्रत. घरची प्रत काचेच्या कपाटात असते. कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या जुडग्यात.

पृष्ठ ३१. तीन ठिपके. चंद्रकोर. खाली दोन रेघा.

अन्य कुणाचीही खूण नाही.

पुस्तक माझ्या नावावर घरी आणले.

२८ नोव्हेंबर

भागाबाई पोळ्या लाटत होती. विचारले, हे वाचू का? तिने मुखपृष्ठावरचा बंधारा पाहिला आणि लाटणे ठेवून पदर तोंडाला लावला.

"हाई ते ऐकेल शे, भाऊ! भाभी तुमना आवाज काढीसन वाचे. दोन्ही हासी हासी लोटपोट व्हई जाऊत."

कसा आवाज, म्हणून विचारले. तिने काढून दाखवला.

हुबेहूब.